जर्मन गाडीची बॅटरी वारंवार बसते? नवी घ्यायच्या आधी एवढं तपासा

लक्षणं

शनिवार-रविवार गाडी फिरवली, मग ती तीन दिवस पार्किंगमध्ये उभी राहिली, आणि गुरुवारी सकाळी दार उघडताच स्क्रीनवर पिवळा संदेश: बॅटरी उतरते आहे, इंजिन सुरू करा. पुढच्या वेळी तोही येत नाही. बटण दाबलं की डॅशबोर्डमधून टकटक आवाज येतो आणि सगळं अंधारात जातं.

हे शेवटचं लक्षण झालं. त्याच्या आधी कित्येक दिवस गाडी खुणा देत असते, आपणच काणाडोळा करतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं, ते व्हायचं थांबतं. पुष्कळ जणांना ही कटकट गेल्याचा आनंदच होतो. पण स्टार्ट-स्टॉप गाडीने स्वतःहून बंद केलं असेल, तर बॅटरी कमी असणं हे त्याचं एक नेहमीचं कारण असतं. इंजिन बंद करून गाडीत बसलं की पूर्वी बराच वेळ वाजणारा रेडिओ दोन-चार मिनिटांत गप्प होतो. सेल्फचा पहिला झटका जड वाटतो. आणि कधीतरी एकदम एबीएस, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, एअरबॅग अशा चार-पाच चेतावण्या ओळीने झळकतात, मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज केबलने देऊन, गाडी अर्धा तास पळवली की सगळ्या गायब. व्होल्टेज पडलं की प्रत्येक मॉड्यूल (गाडीतल्या एकेका यंत्रणेचा छोटा कॉम्प्युटर) आपापली तक्रार नोंदवतं, एवढाच त्याचा अर्थ. त्या क्षणी गिअरबॉक्स खोलायला निघालेल्या माणसाला आधी थांबवा.

सगळ्यात महत्त्वाचं लक्षण मात्र वेगळंच: नवी बॅटरी टाकली, दोन-तीन महिने बरे गेले, आणि पुन्हा तेच. हे होत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ते पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या १२ व्होल्ट बॅटरीबद्दल आहे. मी बहुतेक जर्मन गाड्यांवर हे करत आलो आहे, पण व्हॉल्व्हो, जग्वार, लँड रोव्हर यांनाही तत्त्व तेच लागू पडतं.

आत्ता गाडी बंद पडलेली असेल तर

तपासणी नंतर, आधी आत शिरायला हवं. रिमोट मेलेला असला तरी त्याच्या पोटात लोखंडी चावी असते. दाराच्या मुठीजवळ एका लहान टोपणाखाली तिचं भोक सापडतं. बॉनेट आतल्या खटक्याने, केबलवर उघडतं, त्याला वीज लागत नाही. डिकीला मात्र लागते, आणि अनेक बीएमडब्ल्यू आणि ऑडींची बॅटरी नेमकी डिकीतच असते. पोर्श कायेनमध्ये ती सीटखाली आहे. म्हणून कंपनीने बॉनेटखाली जंपसाठी वेगळा खांब दिलेला असतो, बहुधा लाल टोपणाखाली. लाल क्लिप त्याला, काळी क्लिप बॉडीच्या अर्थिंगच्या बोल्टला. काळी क्लिप थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर लावू नका, तिथे विद्युतप्रवाह मोजणारा सेन्सर बसलेला असतो आणि त्याला वगळून दिलेली वीज गाडीच्या हिशेबात धरली जात नाही.

हायवेवर धाब्यापाशी अडकलात आणि एखादा ट्रकवाला प्रेमाने केबल घेऊन आला, तर त्याचे आभार माना, चहा पाजा, पण केबल जोडू देऊ नका. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. तुमच्या गाडीतली मॉड्यूल्स १२ व्होल्टवर चालतात.

ऑटोमॅटिक गाडीला धक्का स्टार्ट नसतो, आणि चाकांवर ओढूनही न्यायचं नाही. गिअर ‘पी’मध्ये अडकलेला असतो, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक लागलेला असतो. गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, म्हणजे फ्लॅटबेडच, बोलवायचा.

आधी थोडा हिशेब

या गाड्यांची जी मजा आहे, ती बरीचशी विजेवर उभी आहे. खिशात किल्ली ठेवून मुठीला नुसता हात लावला की दार उघडतं, आरसे पंख पसरतात, पायाखाली उजेड पडतो, सीट आपल्या मापावर सरकते. हे सगळं व्हायचं तर गाडीला झोपेतही एक कान उघडा ठेवावा लागतो. त्या उघड्या कानाचा खर्च साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. इतका चालतो.

८० अँपिअर-तासांची बॅटरी धरा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. म्हणजे निरोगी गाडी महिनाभर उभी राहूनही बऱ्याचदा सुरू होते. आता एखादं मॉड्यूल झोपलंच नाही आणि प्रवाह ३०० मिलिअँपिअर राहिला, तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात आणि तेच ३६ पाच दिवसांत संपतात. एक अख्खा अँपिअर गळत असेल तर दीड दिवस. तुमची गाडी किती दिवसांत बसते, हे आठवून लिहून ठेवा. नुसत्या त्या आकड्यावरून गळती केवढी आहे याचा अंदाज येतो, आणि हे फुकट आहे.

लेड-ॲसिड बॅटरीला पूर्ण रिकामं होणं सोसत नाही. पाच-सहा वेळा ती तळाला गेली की तिची क्षमता कायमची घटते. म्हणून गळती न शोधता टाकलेली नवी बॅटरीही काही महिन्यांत जुन्यासारखी वागायला लागते. दुकानदार तेव्हा म्हणतो, ‘साहेब, लॉट खराब आला असेल.’ लॉटचा काही दोष नसतो.

फुकटातल्या तपासण्या

*किल्ली कुठे टांगता?* बंगल्याच्या आत, गाडीपासून भिंतीपलीकडे खुंटीवर, असं उत्तर आलं तर आधी ती खुंटी हलवा. बिनकिल्लीची यंत्रणा किल्लीला सतत साद घालत राहते आणि काही गाड्या त्यामुळे पुन्हा पुन्हा जाग्या होतात. फ्लॅटवाल्यांना सहसा हा प्रश्न येत नाही, पण दुसरी किल्ली गाडीच्याच कप्प्यात ठेवणारे महाभाग सगळीकडे असतात.

*गाडी किती आणि कशी चालते?* घर ते ऑफिस चार किलोमीटर, त्यात एसी, सीटचा पंखा, मोठा स्क्रीन, चार कॅमेरे. या गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी सारखा चार्ज करत नाही. ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक दाबला, तेव्हा तो जोरात चार्ज करतो. दादरच्या ट्रॅफिकमध्ये अशी संधी फारशी येत नाही. सेल्फने घेतलेलं भरून निघायच्या आत तुम्ही पार्किंगमध्ये पोचलेले असता. गाडीत दोष काहीच नसतो, तिची उपासमार चाललेली असते. उपायही सुखाचा आहे: पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर निघून एक्स्प्रेस-वेवर तास-दीड तास गाडी मोकळी सोडा. १०० च्या मर्यादेत, आठव्या गिअरमध्ये, इंजिनाचा आवाजही न येता ती ज्या स्थिरपणे जाते, त्यासाठीच तर पैसे मोजलेले असतात. डिझेल असेल तर त्याच फेरीत डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होतो. नुसती पार्किंगमध्ये दहा मिनिटं सुरू ठेवून काही साधत नाही, उलट नुकसानच.

*नंतर काय काय जोडलंय?* डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर जोडतो ती जागा) खुपसलेला डोंगल, वेगळा ॲम्प्लिफायर. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुन्हेगार इथे सापडतात. पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम २५० मिलिअँपिअर सहज घेतो, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. ओबीडी डोंगल त्याहून वाईट, कारण तो स्वतः थोडी वीज खातो आणि गाडीच्या मॉड्यूल्सशी बोलत राहून त्यांनाही झोपू देत नाही. कंपनीचं नसलेलं सगळं आठवडाभर काढून ठेवा आणि बघा. काचेवरचा फास्टॅग काढू नका, त्याला वीज लागतच नाही.

एका ओळखीच्या गाडीत डॅशकॅमची वायर इग्निशनच्या फ्यूजवर जोडली आहे असं ॲक्सेसरीवाल्याने छातीठोक सांगितलं होतं. गाडी लॉक केल्यावर तासाभराने खिडकीतून पाहिलं, तर कॅमेऱ्याचा निळा दिवा चालूच. जर्मन गाड्यांत इग्निशन बंद केल्यावरही बरेच फ्यूज काही वेळ जिवंत राहतात, आणि वायर घाईघाईत ‘बंद केल्यावर मरतो’ असं वाटलेल्या फ्यूजऐवजी शेजारच्या कायम चालू फ्यूजवर गेली होती. वायर काढली, दुखणं संपलं. त्याआधी त्या माणसाने दुसरी बॅटरी विकत घेतलेली होती.

*आतले दिवे.* डिकीचा दिवा, डॅशबोर्डच्या खणातला दिवा, सनव्हायझरच्या आरशाचा दिवा. मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवा, डिकी बंद करा, लॉक करा, थोड्या वेळाने काढून बघा. तसंच खणाचं करा. दार नीट बंद झालं तरी कुलपातला छोटा खटका खराब असेल तर गाडीला ते उघडंच वाटतं आणि ती जागी राहते. लॉक करताना इंडिकेटर नेहमीसारखे चमकले का, आरसे मिटले का, एवढ्यावरूनही बरंच कळतं.

*लॉक केल्यावर ऐका.* बॉनेटपाशी उभे राहा. डिझेल गाडीचा रेडिएटर पंखा बंद केल्यावर काही मिनिटं फिरणं नेहमीचं आहे. अर्ध्या तासानंतरही फिरत असेल तर तो दोष.

पाणी: याच्यासाठी वेगळा वेळ काढा

सनरूफ किंवा पॅनोरमिक छत असलेली गाडी, ती झाडाखाली उभी राहते, आणि दुखणं पावसाळ्यात किंवा त्यानंतर सुरू झालं. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे पाहा.

सनरूफ कधीच पूर्ण जलरोधक नसतं. कडेने आत आलेलं पाणी त्याच्या चौकटीतल्या पन्हळीत उतरतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली बाहेर जातं. पुढच्या दोन नळ्या दाराच्या बिजागरीच्या आसपास उतरतात, मागच्या दोन मागच्या बंपरकडे. गुलमोहराची पानं इतकी बारीक असतात की ती थेट नळीच्या तोंडाशी जाऊन बसतात. वर धूळ, मग पहिला पाऊस, आणि गाळाचा बूच तयार होतो. मग पाणी नळीऐवजी छताच्या अस्तरामागून वाट काढतं. पुढे गळलं तर पायाखालचं कार्पेट भिजतं, मागे गळलं तर डिकीच्या तळातल्या खोलगट भागात साचतं. त्याच खोलगट भागात काही गाड्यांची बॅटरी, ॲम्प्लिफायर आणि दोन-तीन महागडी मॉड्यूल्स बसवलेली असतात. ओल लागलेलं मॉड्यूल आधी झोपायचं विसरतं, मग मरतं.

डिकीचं तळाचं झाकण उचला, फोमचा ट्रे बाहेर काढा आणि हात घाला. नुसतं वरून पाहून ‘कोरडं आहे’ म्हणू नका. मेव्हण्याच्या गाडीचं वरचं कार्पेट खडखडीत कोरडं होतं, आणि ट्रे उचलल्यावर खाली तांब्याभर पाणी, त्यावर तरंगणारी पानं, आणि ॲम्प्लिफायरच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर. तांबं गंजलं की असा रंग येतो. पुढच्या कार्पेटखाली जाड फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो. मुठीने दाबून बघा. गाडीत कोंदट वास येत असेल आणि सकाळी काचा आतून धुरकट होत असतील, तर तुम्हाला उत्तर मिळालेलंच आहे.

नळ्या तपासायला सनरूफ उघडा आणि पुढच्या कोपऱ्यात पेल्याने थोडं थोडं पाणी सोडा. मिनिटभरात ते गाडीखाली टपकायला हवं. तुंबलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची जाड दोरी हळूच आत सरकवा, फिरवा, काढा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. सर्व्हिस स्टेशनवरची मुलं उत्साहाने मारतात, आणि नळी आतल्या आत सांध्यातून निसटते. मग छताचं अस्तर उतरवल्याशिवाय ती बसत नाही. समोरच्या काचेखालच्या जाळीतली पानंही काढा, तिथलं पाणी तुंबलं तर ते ब्लोअरच्या वाटेने आत येतं.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा असतो: उंदीर. बॉनेटखाली कुरतडलेली वायर, लेंड्या, ओढून आणलेला कापूस दिसला, तर वायर नुसती टेपने गुंडाळून पुढे जाऊ नका.

हजारभर रुपयांचा मीटर

इथून पुढे डिजिटल मल्टिमीटर हवा. साधा चालेल.

गाडी रात्रभर लॉक करून ठेवा, सकाळी ती न उठवता व्होल्टेज घ्या. बॉनेट आदल्या रात्रीच खटक्यावर उघडं ठेवलं तर बरं. आदल्या दिवशी चालवल्यावर लगेच मोजलं तर वरवरचा चार्ज दिसतो, म्हणून ही रात्रीची अट. १२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ म्हणजे जेमतेम पाव. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाड्या ब्रेकची वीज साठवायला जागा राहावी म्हणून बॅटरी पूर्ण भरतच नाहीत, त्यामुळे १२.४-१२.५ पाहून घाबरू नका.

पुढचं पाऊल म्हणजे बॅटरी चार्जरवर नीट भरून घेणं. एजीएमसाठी (स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत येणारी, ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणारी बॅटरी) वेगळी सोय असलेला स्मार्ट चार्जर घ्या. ५ अँपिअरचा चार्जर अर्धी रिकामी ८० अँपिअर-तासांची बॅटरी भरायला आठ तास घेतो, वर शेवटच्या टप्प्याचे आणखी काही. लाल क्लिप जंपच्या खांबाला आणि काळी बॉडीच्या अर्थिंगलाच लावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॉकेट मिळवणं हे चार्जिंगपेक्षा अवघड काम आहे हे मला ठाऊक आहे. सेक्रेटरींशी गोड बोला. पूर्ण भरून, रात्रभर विश्रांती देऊन पुन्हा मोजा. भरल्यानंतरही दुसऱ्या दिवशी १२.४ च्या खाली आली, तर दोनच शक्यता उरतात: बॅटरी म्हातारी झाली किंवा गळती मोठी आहे. निगेटिव्ह टर्मिनल काढून एक रात्र ठेवली की निकाल लागतो. वायर सुटी असूनही उतरली तर दोष बॅटरीचा. टिकली तर गाडीचा.

इथे एक सूचना, जी मी प्रत्येकाला देतो: बॅटरी डिकीत असेल तर वायर काढल्यावर डिकी बंद करू नका. कुलूप विजेचं आहे. बंद झालं की आतला पाना आतच राहतो.

वायर परत लावल्यावर घड्याळ, खिडक्यांची एका स्पर्शात वर जायची सोय, स्टिअरिंगची चेतावणी असं काहीबाही विस्कटलेलं दिसेल. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि थोडं चालवलं की बरंचसं जागेवर येतं.

बॅटरीवर छापलेली तारीख पाहा. आपल्या उन्हात तीन-चार वर्षं झाली असतील तर तिच्याकडून फार अपेक्षा नको. टर्मिनल हाताने हलत असेल किंवा पांढरा-हिरवा थर असेल तर साफ करून घट्ट करा. चांगल्या बॅटरी दुकानात लोड टेस्ट बहुतेक वेळा फुकट होते, तीही करून घ्या, पण बॅटरी आधी पूर्ण भरून. उतरलेली बॅटरी टेस्टरवर नेहमीच वाईट दिसते, आणि दुकानदाराला तेवढंच हवं असतं.

अल्टरनेटर तपासायचा तर इंजिन सुरू करून, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून मोजा. १३.५ ते १४.८ च्या दरम्यान यायला हवं. स्मार्ट अल्टरनेटर मधेच १३ च्या खालीही दाखवेल. तो सतत १२.५ च्या खाली असेल आणि वर बॅटरीचा लाल दिवा असेल, तर दोष त्याच्यात. मात्र जुन्या वायरमनची एक पद्धत इथे अजिबात करू द्यायची नाही: चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘डायनामो धरतो का बघू’. ॲम्बॅसेडरवर ते खपत होतं. या गाड्यांत तेव्हा उसळलेलं व्होल्टेज लाखाच्या घरातली मॉड्यूल्स घेऊन जातं.

झोपेतला प्रवाह मोजणं

हे करण्याआधी स्वतःला विचारा, तासभर शांत बसायची तयारी आहे का. कारण इथे चुका घाईमुळे होतात.

मिलिअँपिअर मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तम, कारण वायर तोडावी लागत नाही. निगेटिव्ह केबलभोवती अडकवायचा, बस. साधा मल्टिमीटर केबलच्या मधे जोडायचा असेल तर १० अँपिअरच्या भोकात, आणि तो जोडलेला असताना दार उघडायचं नाही, इग्निशन लावायचं नाही. नाहीतर मीटरचा फ्यूज जातो.

बॉनेट किंवा डिकी उघडी ठेवून काम करताना गाडीला ती बंद वाटायला हवी. कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद अवस्थेत आणा. (काम झाल्यावर ती परत उघडल्याशिवाय झाकण आपटू नका.) गाडी लॉक करा, किल्ली लांब ठेवा, थांबा. सुरुवातीला काही अँपिअर दिसतील, मग पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातील. काही गाड्या दहा मिनिटांत झोपतात, काहींना अर्धा-पाऊण तास लागतो. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावलं तर गाडी निर्दोष आहे. २०० वर अडकलं, किंवा ५० पर्यंत जाऊन दर काही मिनिटांनी पुन्हा अँपिअरभर उसळलं, तर काहीतरी तिला उठवतं आहे.

कोणत्या सर्किटमध्ये हे चाललंय, ते शोधायला फ्यूज एकेक उपटू नका. उपटून परत लावला की ते मॉड्यूल जागं होतं आणि तुमचा तास वाया जातो. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर ठेवून, फ्यूज जागेवरच असताना, त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टोकं लावा. फ्यूजमधून प्रवाह जात असेल तर तिथे सूक्ष्म व्होल्टेज दिसतं. शून्य म्हणजे ते सर्किट झोपलेलं. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर. प्रत्येक प्रकारच्या फ्यूजचे तक्ते मिळतात. फ्यूजच्या झाकणावरच्या किंवा पुस्तिकेतल्या यादीवरून ते सर्किट कोणाचं हे कळतं. मला बहुतेक वेळा सापडतं ते असं: ॲम्प्लिफायर, इन्फोटेनमेंट, दाराचं मॉड्यूल, ब्लोअरचा रेग्युलेटर, टो-हुकची बाहेरून टाकलेली वायरिंग.

बॅटरी खरंच गेली असेल तर

स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत एजीएम होती तर एजीएमच टाका, आणि त्याच मापाची. साधी बॅटरी निम्म्या किमतीत मिळते आणि निम्मी टिकते. डिकीत किंवा सीटखाली बॅटरी असेल तर तिची वायू बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडली का, हे स्वतः डोळ्यांनी पाहा. घरपोच येणारे बॅटरीवाले ती हमखास विसरतात. तो वायू हायड्रोजन आहे, आणि तो तुमच्या मुलांच्या सीटमागे साठायला नको.

बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत नवी बॅटरी कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, अनेक ऑडींतही कोडिंग लागतं. नोंदवली नाही तर गाडी जुन्या, थकलेल्या बॅटरीचा हिशेब धरून नवीला चार्ज करत राहते. स्कॅनरवर पाच मिनिटांचं काम आहे. ‘नाही केलं तरी चालतं साहेब’ म्हणणाऱ्याकडून बॅटरी घेऊ नका. काही मर्सिडीझमध्ये मुख्य बॅटरीखेरीज एक छोटी सहाय्यक बॅटरी असते. संदेश तिचा आहे की मोठीचा, ते नीट वाचा, म्हणजे भलतीच बदलली जाणार नाही.

इथे थांबा

बॅटरी फुगलेली असेल, गरम लागत असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिला हात लावू नका, चार्जर काढा, दूर व्हा. ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा किंवा प्लग-इन हायब्रिड असेल तर त्या यंत्रणेच्या किंवा नारिंगी केबलच्या जवळपास काही करू नका. संशय एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या सर्किटवर गेला तर मीटरही लावू नका. डिकीतलं मॉड्यूल भिजलेलं सापडलं तर हेअर ड्रायरने वाळवून परत जोडण्याचा मोह टाळा. पाणी काढा, बॅटरीची वायर सोडा, गाडी फ्लॅटबेडवर पाठवा. आणि फ्यूज सापडूनही त्यामागचं नेमकं मॉड्यूल कळत नसेल, तर तिथून पुढे स्कॅनर आणि वायरिंगचा नकाशा लागतो. सगळं काम करूनही प्रवाह कमी झाला नाही, तर तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच करत बसण्यात अर्थ नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा किंवा जर्मन गाड्यांचं काम करणाऱ्या चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये. वॉरंटी असेल तर पहिलंच. नसेल तर दुसरीकडे मजुरी बरीच कमी पडते, पण त्या ब्रँडचा पूर्ण स्कॅनर आहे का हे विचारून घ्या, नुसता ओबीडीचा नव्हे. चाकणला मर्सिडीझ आणि छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ऑडी जुळत असली, तरी तुम्हाला हवं असलेलं मॉड्यूल बहुधा परदेशातूनच येतं. म्हणून सुटा भाग मागवायच्या आधी निदानाचा कागद मागा: झोपेतला प्रवाह आधी किती होता, कोणतं मॉड्यूल सोडल्यावर तो किती झाला. हे दोन आकडे न देता कुणी ‘मॉड्यूल बदलून बघू’ म्हणत असेल, तर गाडी तिथून उचला.

जाताना तुमचे आकडेही एका कागदावर लिहून द्या: किती दिवसांत बसते, रात्रीनंतरचं व्होल्टेज, झोपेतला प्रवाह, कोणत्या फ्यूजवर किती मिलिव्होल्ट, बॅटरीची तारीख, आणि बाहेरून काय काय जोडलेलं आहे. सल्लागार तो कागद बाजूला ठेवायला लागला तर जॉब कार्डाला स्टेपल करून घ्या, आणि गाडी कमीत कमी दोन रात्री ठेवून घ्यायला सांगा. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी ‘ओके’ म्हणून परत आली, तर ती तिथे झोपलेलीच नसते.